राडारोड्यातून उगवलेले रान

पुण्या-मुंबईच्या काही शाळांत जर्मन भाषा शिकवतात, हे तुम्हांला ठाऊक असेल. अशा काही शाळांचे जर्मनीतील शाळांशी विद्यार्थी-विनिमयाचे नाते असते. येथील मुलगा किंवा मुलगी काही आठवडे तिकडच्या एखाद्या कुटुंबात राहते, तिकडच्या शाळेत जाते. आणि पुढे तिकडचे विद्यार्थी पाहुणे म्हणून इकडे येतात. समजा, अशा योजनेत तुमची निवड झाली आणि एप्रिलच्या मध्यावर दोन महिन्यांसाठी तुम्ही बर्लिनला जाऊन पोहोचलात.

बर्लिन ही जर्मनीची राजधानी. सुमारे ८९० चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचे आणि ३६ लाखांहून अधिक वस्तीचे हे महानगर आहे. पाहुण्यांना दाखवायच्या स्थळांची तेथे एक ठरलेली यादी असते : ब्रांडेनबुर्ग दरवाजा, संसदेचा काचेचा घुमट, प्रसिद्ध भिंतीचे अवशेष, संग्रहालये. ती अवश्य पाहा. परंतु या लेखात आपण या यादीबाहेरचे बर्लिन पाहणार आहोत. त्यासाठी एक वही, एक पेन्सिल आणि मिळालीच तर एखादी दुर्बीण एवढे साहित्य पुरे आहे.

शहराचा नकाशा उघडलात, की पहिले आश्चर्य तेथेच दिसेल. वने, बागा, नद्या आणि तळी मिळून शहराचा एक तृतीयांशाहून अधिक भाग हिरवा किंवा निळा आहे. रस्त्यांच्या कडेला चार लाखांहून अधिक झाडे आहेत. त्यांत लिंडेन या झाडाची संख्या सर्वांत मोठी. पण केवळ झाडे पुष्कळ आहेत म्हणून बर्लिनकडे जगभरच्या शास्त्रज्ञांचे लक्ष गेले नाही. शहराच्या आत निसर्ग कोणत्या नियमांनी वागतो, या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास ज्या शहरांत प्रथम झाला, त्यांत बर्लिनचे स्थान फार वरचे आहे. तो अभ्यास तेथेच का झाला, याची हकीकत मोठी विलक्षण आहे. तिच्याकडे आपण येऊच. आधी बर्लिनच्या काही रहिवाशांची ओळख करून घेऊ.

गोंगाटात गाणारा पक्षी

तुम्ही पोहोचल्यावर आठ-दहा दिवसांतच एखाद्या रात्री खिडकीतून एक आवाज ऐकू येईल. लांब शिट्ट्या, मग खळखळाट, मग टकटक, मग एकदम शांतता आणि पुन्हा नवीच तान. हा नाइटिंगेल. पुष्कळ मराठी पुस्तकांत याचे भाषांतर ‘बुलबुल’ असे करतात, पण आपला बुलबुल निराळ्या कुळातला पक्षी आहे. नाइटिंगेलचा आपल्याकडचा नातलग शोधायचा असेल, तर मार्च ते जून या काळात पहाटे विजेच्या खांबावर किंवा झाडाच्या शेंड्यावर बसून गाणारा दयाळ पाहा. हे दोघे एकाच कुळातले आहेत.

नाइटिंगेल हिवाळा आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला घालवतो आणि एप्रिलच्या उत्तरार्धात बर्लिनला परततो. एकेका नराला दीडशे-दोनशे निरनिराळ्या ताना येतात. रात्री उशिरापर्यंत गाणारे नर बहुधा जोडीदारीण न मिळालेले असतात. शहरात या पक्ष्याच्या हजाराहून अधिक जोड्या आहेत. त्याला घरट्यासाठी जमिनीलगत दाट झुडूप आणि खाली न झाडलेला पालापाचोळा हवा असतो. कापून-छाटून, झाडून लख्ख केलेल्या बागेत त्याचा निभाव लागत नाही. बर्लिनच्या बागांचे कोपरे बरेचसे अस्ताव्यस्त असतात, हे त्याच्या पथ्यावर पडले आहे.

हेन्रिक ब्रुम या शास्त्रज्ञाने बर्लिनच्या नाइटिंगेलांचा आवाज मोजला आणि २००४ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. वाहनांच्या गोंगाटात राहणारे नर शांत जागेतील नरांपेक्षा १४ डेसिबेलपर्यंत अधिक मोठ्याने गात होते. डेसिबेलचे माप कसे असते ते आठवा : दर १० डेसिबेलला ध्वनीची तीव्रता दहापट होते. त्या हिशेबाने १४ डेसिबेल म्हणजे सुमारे २५ पट! याहून गमतीची गोष्ट पुढे आहे. सकाळच्या वेळी हेच पक्षी कामाच्या दिवशी मोठ्याने गात आणि शनिवार-रविवारी आवाज खाली आणत. पक्ष्याला वार कळतात काय? अर्थातच नाही. सुटीच्या दिवशी सकाळी रस्त्यावर वाहने कमी असतात, एवढेच. वर्गात गलका वाढला की आपणही नकळत आवाज चढवतो. फ्रान्समधील डॉक्टर लोंबार यांनी माणसांतील या सवयीचे वर्णन १९११ साली केले होते. तोच गुण या पक्ष्यातही आढळला.

रानडुकरे आणि खोकडे

शहराच्या पश्चिमेला ग्रूनेवाल्ड नावाचे सुमारे ३,००० हेक्टरांचे जंगल आहे. शहरातल्या लोकलगाडीने तेथे थेट जाता येते. तेथे ओक आणि पाइनच्या झाडांखाली जमीन नांगरल्यासारखी उकरलेली दिसली, तर समजा की रात्री रानडुकरांचा कळप येऊन गेला. हे आपल्या सह्याद्रीतल्या रानडुकराच्याच जातीचे जनावर आहे. बर्लिनमध्ये ते रस्त्यांवर, हिरवळींवर, कधी घरांच्या अंगणातही येते. ऑगस्ट २०२० मध्ये ग्रूनेवाल्डमधील एका तळ्याकाठी पिल्ले बरोबर असलेल्या मादीने पोहायला आलेल्या एका गृहस्थांची पिवळी पिशवी पळवली. पिशवीत लॅपटॉप होता! गृहस्थ मागे धावत आहेत आणि डुकरीण पुढे पळते आहे, असे छायाचित्र जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकले.

असे प्रसंग ऐकले, की ही जनावरे शहरातल्या कचऱ्यावर जगत असावीत असा आपला समज होतो. बर्लिनच्या वन्यप्राणी संशोधन संस्थेने तो तपासून पाहिला. बर्लिनमधील आणि भोवतालच्या ग्रामीण भागातील शिकार झालेल्या दोनशेहून अधिक रानडुकरांच्या जठरांतले अन्न त्यांनी तपासले. २०१७ साली निष्कर्ष आला : शहरातली रानडुकरेही मुख्यतः ओकची फळे, मुळे, कंद, किडे असे नैसर्गिक अन्नच खातात. म्हणजे त्यांना शहरात आणणारे कारण कचरापेटी हे नसून शहरातच मिळणारे रानचे अन्न हे आहे.

गोष्टीतला ‘कोल्हा’ म्हणून तुम्ही ज्याला ओळखता, ते तांबडे खोकडही येथे उजाडताना किंवा तिन्हीसांजेला फुटपाथवरून जाताना दिसते. खोकडांच्या जनुकांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. ही खोकडे माणसांची वर्दळ टाळतात आणि ये-जा करण्यासाठी रेल्वेमार्ग व रस्त्यांच्या कडा वापरतात, असा त्याचा अर्थ निघाला. रेल्वेमार्गाची कडा म्हणजे आपल्या दृष्टीने बिनकामाची पट्टी. खोकडाच्या दृष्टीने मात्र तो रहदारीचा रस्ता आहे. आकाशातही असेच. आपल्या शिकऱ्याचा मोठा भाऊबंद असलेला गॉसहॉक हा युरोपात दाट जंगलातला लाजरा पक्षी समजला जातो. बर्लिनमध्ये त्याच्या सुमारे शंभर जोड्या बागांतून आणि दफनभूमींतून घरटी करतात. शहरात कबुतरे भरपूर, आणि शिकाऱ्याची बंदूक नाही!

जळलेल्या शहरावर काय उगवले?

आता त्या विलक्षण हकिकतीकडे वळू. दुसऱ्या महायुद्धात बर्लिनवर प्रचंड बाँबफेक झाली. १९४५ साली युद्ध संपले, तेव्हा शहराचा मध्यभाग म्हणजे विटा, चुना आणि वाकलेले लोखंड यांचा राडारोडा होता. शहराच्या मध्यावर टियरगार्टन नावाची मोठी बाग आहे. तेथील सुमारे दोन लाख झाडांपैकी जेमतेम सातशे उरली. बाकीची युद्धात आणि त्यानंतरच्या कडाक्याच्या थंडीत जळणासाठी गेली. बागेच्या जागी लोकांनी बटाटे आणि भाजीपाला लावला. मार्च १९४९ मध्ये तेथे पुन्हा पहिले रोप लागले. जर्मनीतील इतर शहरांनी सुमारे अडीच लाख रोपे भेट दिली. आज तुम्ही टियरगार्टनच्या गर्द सावलीत उभे राहाल, तेव्हा तेथले जवळजवळ प्रत्येक झाड तुमच्या आजोबांच्या वयाचे किंवा त्याहून लहान आहे हे लक्षात ठेवा.

राडारोडा कोठे गेला? त्याचे डोंगर रचले. ग्रूनेवाल्डमधील टॉयफेल्सबेर्ग ही टेकडी समुद्रसपाटीपासून १२० मीटर उंच आहे. ती सुमारे २ कोटी ६० लाख घनमीटर राडारोड्याची केलेली आहे. वर माती घालून झाडे लावल्यामुळे पायाखाली पडकी घरे आहेत, हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

पण पुष्कळ ठिकाणी राडारोडा वर्षानुवर्षे तसाच पडून राहिला. त्यावर आपोआप झाडे-झुडपे उगवू लागली. वनस्पतिशास्त्रज्ञ ती पाहायला गेले, तेव्हा त्यांना आश्चर्य वाटले. कारण उगवलेल्या वनस्पतींपैकी कितीतरी भोवतालच्या प्रदेशातल्या नव्हत्याच! उत्तर अमेरिकेतला रॉबिनिया होता. हा शेंगा धरणारा, पांढऱ्या फुलांचे घोस असलेला वृक्ष आहे. चीनमधला आयलँथस होता. तो आपल्याकडे आगकाड्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या महारुखाचा सख्खा भाऊ. दक्षिणेकडच्या उबदार देशांतली, चिकट आणि सुगंधी पानांची एक लहानशी वनस्पतीही होती. तुम्ही खाता त्या चाकवताची ती नातलग आहे.

असे का झाले? तीन कारणे पाहू.

पहिले कारण जमिनीचे. बर्लिनची मूळची जमीन हिमयुगात साचलेल्या वाळूची, आम्लधर्मी आणि निकस आहे. पडलेल्या भिंतींत चुना होता. त्यामुळे राडारोड्याची जमीन अल्कधर्मी झाली. शिवाय विटांच्या तुकड्यांमधून पाणी चटकन निघून जाते. म्हणजे चुनखडीच्या कोरड्या, खडकाळ प्रदेशासारखी जमीन शहराच्या मध्यावर तयार झाली.

दुसरे कारण उष्णतेचे. विटा, दगड, काँक्रीट आणि डांबर दिवसा उष्णता साठवतात आणि रात्री हळूहळू सोडतात. जेथे झाडे आणि उघडी माती असते, तेथे पाण्याची वाफ होताना उष्णता खर्च होते. बांधलेल्या शहरात ती सोय कमी. त्यात यंत्रांची, वाहनांची, घरांची उष्णता मिळते. म्हणून निरभ्र, निवांत रात्री शहराचा मध्यभाग भोवतालच्या खेड्यांपेक्षा कित्येक अंशांनी उबदार राहतो. याला ‘उष्णताद्वीप’ म्हणतात. बर्लिनच्या संशोधकांनी हे द्वीप तापमापकाने मोजले, तसे झाडांच्या मदतीनेही मोजले! शहराच्या मध्यातले लिंडेन काठावरच्या लिंडेनपेक्षा काही दिवस आधी फुलतात. कोणत्या रस्त्यावर कोणत्या तारखेला फुले उमलली हे नकाशावर मांडले, की उष्णतेचा नकाशा आपोआप तयार होतो. जूनमध्ये लिंडेनचा गोड वास रस्त्यांवर पसरेल, तेव्हा तुम्हीही हा प्रयोग करू शकाल. आयलँथसला थंडी सोसत नाही. बर्लिनच्या बागांतून तो फार पूर्वीपासून लावलेला होता. पण उबदार मध्यभागात राडारोड्याची मोकळी जागा मिळाल्यावरच तो मोठ्या प्रमाणावर पसरला.

तिसरे कारण प्रवासाचे. शहर म्हणजे रस्ते, रेल्वे, माल, बागा. बिया वाऱ्याने येतात. तशाच मालगाड्यांतून, धान्यातून, बुटांना चिकटूनही येतात. १९७० च्या दशकात बर्लिनमध्ये केलेल्या पाहणीत शहराच्या बाहेरच्या भागात सुमारे २८ टक्के वनस्पतिजाती परदेशी मूळ असलेल्या आढळल्या. दाट वस्तीच्या मध्यभागात हे प्रमाण जवळजवळ ५० टक्के होते.

यावरून परदेशी वनस्पती सर्वत्र चांगल्याच असतात असे मात्र समजू नका. याच आयलँथसला युरोपीय संघाने २०१९ साली उपद्रवी परकी जातींच्या यादीत घातले. कोणती वनस्पती कोठे वाढली आणि तेथे तिने काय केले, हे प्रत्येक ठिकाणी तपासूनच ठरवावे लागते.

भिंतीआडचे शास्त्रज्ञ

युद्धानंतर जर्मनीचे दोन देश झाले. पश्चिम बर्लिन हा पश्चिम जर्मनीशी जोडलेला भाग होता. पण चारी बाजूंनी पूर्व जर्मनीने वेढलेला. १३ ऑगस्ट १९६१ रोजी पूर्व जर्मनीच्या सरकारने त्याच्याभोवती अडथळा उभारायला सुरुवात केली. त्याचीच पुढे सुमारे १५५ किलोमीटर लांबीची भिंत झाली. ९ नोव्हेंबर १९८९ रोजी ती खुली होईपर्यंत अठ्ठावीस वर्षे लोक या वेढ्यात राहिले.

आता विचार करा. एरवी वनस्पतिशास्त्रज्ञ सहलीसाठी कोठे जातो? शहर सोडून रानात. पश्चिम बर्लिनच्या शास्त्रज्ञांना भोवतालच्या रानात मोकळेपणाने जाता येईना. तेव्हा त्यांनी आपले शहरच अभ्यासायला घेतले : पडक्या जागा, रेल्वेची आवारे, दफनभूमी, बागा, फुटपाथच्या फटी. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातील प्राध्यापक हर्बर्ट सुकोप (१९३०–२०२२) या कामात पुढे होते. राडारोड्यावरच्या त्या चाकवताच्या नातलगावरही त्यांनी अभ्यास केला होता. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम बर्लिनची कोठे, काय, किती उगवते अशी सविस्तर पाहणी केली. त्या पाहणीच्या आधारे शहरातील वनस्पती व प्राणी यांच्या रक्षणाची योजना १९८४ साली मांडण्यात आली. ‘नगर-परिस्थितिविज्ञान’ ही शाखा पुढे जगभर वाढली. तिच्या पायाभरणीत या वेढलेल्या शहराचा मोठा वाटा आहे.

रुळांवरचे वन

या अभ्यासाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पाहण्यासाठी लोकलगाडीने शहराच्या दक्षिण भागात जा आणि झ्यूडगेलेंडे या उद्यानात उतरा.

येथे मालगाड्यांची जुळवाजुळव करणारे मोठे रेल्वे-आवार होते. शहराची फाळणी झाल्यावर त्याची गरज संपली आणि १९५२ मध्ये तेथले काम थांबले. पश्चिम बर्लिनमधली रेल्वेची जमीनही पूर्व जर्मनीच्या रेल्वेच्या ताब्यात होती. त्यामुळे येथे कोणी काही बांधले नाही. रूळ गंजत पडले. खडीत आधी गवते आणि रानफुले आली. मग भूर्ज आला. हिमालयातल्या भूर्जपत्राच्या झाडाचा हा युरोपी भाऊ. त्याच्या पंखवाल्या इवल्या बिया वाऱ्याबरोबर दूरवर जातात. मग रॉबिनिया आला. अशा रीतीने उघड्या जागेवर एकामागून एक वनस्पतिसमूह येत जातात, याला ‘अनुक्रमण’ म्हणतात. पुस्तकात तुम्ही याची आकृती पाहिली असेल. येथे ती रुळांमधून उगवलेली दिसते. वापरात नसलेले इंजिन, पाण्याची उंच टाकी, इंजिने फिरवण्याची चकती, आणि त्यांच्या भोवती वन!

१९८० च्या सुमारास या जागेवर नवे रेल्वे-आवार बांधण्याची योजना पुढे आली. सगळी झाडी जाणार होती. आजूबाजूच्या नागरिकांनी विरोध केला. पण ‘आम्हांला झाडे आवडतात’ एवढे सांगून सरकारी योजना थांबत नाही. येथे शास्त्रज्ञांच्या याद्या कामी आल्या. या १८ हेक्टरांत साडेतीनशेहून अधिक जातींच्या वनस्पती मोजल्या गेल्या. शिवाय पक्षी, रानमाश्या, कोळी, बुरशी यांच्या याद्या झाल्या. ज्या जागेला सगळे ‘पडीक’ म्हणत होते, तिची श्रीमंती कागदावर आकड्यांनी सिद्ध झाली. वाद अनेक वर्षे चालला. अखेर २००० साली ही जागा निसर्ग-उद्यान म्हणून खुली झाली. संवेदनशील भागात लोखंडी जाळीची वाट जमिनीपासून थोडी उंच ठेवली आहे. तीवरून चालले, की आपले पाय रोपांवर पडत नाहीत.

परंतु येथे एक अडचण उभी राहिली. १९८१ साली या जागेचा ३७ टक्के भाग झाडीने व्यापला होता. दहाच वर्षांत तो ७० टक्के झाला. झाडे वाढली, हे चांगलेच नाही का? नीट पाहा. रॉबिनियाच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात. जमीन सकस होते. मग निकस, कोरड्या, उन्हाच्या जागेत वाढणारी रानफुले आणि त्यांवर जगणाऱ्या रानमाश्या, नाकतोडे यांना जागा उरत नाही. म्हणून उद्यानात काही भागांत झाडे वाढू देतात आणि काही कुरणे मुद्दाम उघडी राखतात; त्यासाठी मेंढ्याही चारतात. निसर्गाला मोकळे सोडायचे की हात घालायचे, याचे उत्तर एकाच उद्यानात दोन प्रकारे द्यावे लागले.

धावपट्टीवरचे चंडोल

येथून जवळच टेम्पेलहोफचे मैदान आहे. हा बर्लिनचा जुना विमानतळ. १९४८-४९ मध्ये पश्चिम बर्लिनची रसद तोडली गेली, तेव्हा याच धावपट्ट्यांवर विमाने धान्य आणि कोळसा घेऊन उतरत होती. ऑक्टोबर २००८ मध्ये विमानतळ बंद झाला आणि मे २०१० मध्ये मैदान लोकांसाठी खुले झाले. धावपट्ट्यांवर आता सायकली धावतात, पतंग उडतात. मधल्या गवतात मात्र तुम्हांला जाता येणार नाही. वसंतात तेथे दोरी बांधलेली असते, कारण तेथे चंडोलांची घरटी आहेत. हा युरोपी चंडोल जमिनीवर घरटे करतो आणि आकाशात एका जागी फडफडत उंचावरून गातो. यंत्रांनी आणि औषधांनी केलेल्या आधुनिक शेतीमुळे युरोपच्या शेतांतून त्याची संख्या फार घटली आहे. शेतातल्या पक्ष्याला आसरा मिळाला तो महानगराच्या मध्यावर!

रात्री हे मोकळे गवत लवकर थंड होते आणि तेथली गार हवा शेजारच्या वस्तीत शिरते. मघाशी पाहिलेल्या उष्णताद्वीपावरचा हा एक उतारा आहे.

पण बर्लिनमध्ये घरांची टंचाई आहे. मैदानाच्या कडेला घरे बांधावीत, असा शहराच्या सरकारचा विचार होता. २५ मे २०१४ रोजी यावर सार्वमत झाले. सात लाखांहून अधिक लोकांनी मैदान मोकळे ठेवण्याच्या बाजूने मत दिले आणि बांधकाम थांबले. वाद मात्र संपला नाही, आणि तो सोपाही नाही. ज्याला घर मिळत नाही त्याची अडचण खरी आहे. चंडोलाची आणि उन्हाळ्यात तापलेल्या घरात झोपणाऱ्याची अडचणही खरीच. वर्गात या विषयावर वादसभा घेऊन पाहा. दोन्ही बाजूंना आकडे शोधावे लागतील.

आता आपले गाव

दोन महिने संपतील आणि तुम्ही परत याल. बर्लिनला न जाणारे तर येथेच आहेत. दोघांसाठी काम एकच आहे.

आपल्या शहरांतही हेच नियम चालतात. मुंबईच्या हद्दीला लागून असलेल्या राष्ट्रीय उद्यानात बिबटे राहतात. ठाण्याच्या खाडीत दर हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. पण सुरुवात याहून जवळच्या गोष्टींनी करा. जुन्या भिंतीच्या फटीत पिंपळ उगवतो, तो का? पक्षी पिंपळाची फळे खातात आणि त्यांच्या विष्ठेतून बारीक बिया फटीत पडतात. विटा आणि चुन्यात त्याला खडकाळ डोंगरासारखी जागा मिळते. बर्लिनच्या राडारोड्याचीच ही गोष्ट नाही काय? रस्त्याकडेचा गुलमोहर मादागास्करचा, वर्षावृक्ष दक्षिण अमेरिकेचा, घाणेरी आणि एकदांडी अमेरिकेच्या उष्ण भागातल्या. गाजर गवतही अमेरिकेतलेच. आपल्याकडे त्याकडे लक्ष गेले ते १९५० च्या दशकात पुण्यात. पुढे त्याने देशभर किती उपद्रव दिला, ते शेतकऱ्यांना विचारा.

पुढील प्रयोग तुम्ही शिक्षकांच्या मदतीने करू शकाल.

१. शाळेजवळची एक मोकळी किंवा पडीक जागा निवडा. दहा पावले लांब, दहा पावले रुंद असा चौकोन आखा. दर पंधरवड्याला त्यातील वनस्पती मोजा. नाव ठाऊक नसेल, तर पान वहीत चिकटवून त्याला क्रमांक द्या. नाव मागाहून शोधता येते. तारीख आणि वेळ लिहायला विसरू नका.

२. यादीतील प्रत्येक वनस्पतीचे मूळ स्थान शोधा. परदेशी किती टक्के? शाळेजवळची आणि गावाबाहेरची जागा यांत फरक पडतो का?

३. एकाच रात्री नऊ वाजता दोन सारखे तापमापक घेऊन सिमेंटचे अंगण आणि झाडे असलेली उघडी जमीन येथील हवेचे तापमान घ्या. दोन्हीकडे तापमापक जमिनीपासून सारख्याच उंचीवर धरा. असे सात रात्री करा.

४. मार्च ते जून या काळात सोमवारी आणि रविवारी पहाटे एकाच ठिकाणी, एकाच वेळी दयाळाचे गाणे ऐका. किती मिनिटे गातो, कितव्या मिनिटाला वाहनांचा आवाज वाढतो, हे टिपा.

५. रस्त्यावरच्या एकाच जातीच्या वीस झाडांना पहिले फूल कोणत्या दिवशी आले ते लिहा आणि नकाशावर मांडा.

एका वर्षाची वही म्हणजे एक सुरुवात आहे. पुढच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी ती पुढे चालवली, तर पाच-दहा वर्षांत तुमच्या शाळेपाशी असे काही जमेल, जे कोणत्याही ग्रंथालयात मिळणार नाही. त्या पडीक जागेवर उद्या इमारत येईल, बाग येईल किंवा ती तशीच राहील. निर्णय करणारे दुसरे असतील. पण ‘येथे काहीच नव्हते’ असे म्हणण्याची सोय त्यांना राहणार नाही, कारण काय काय होते ते तुमच्या वहीत लिहिलेले असेल.